‘नमुना अपुरा’: नवी मुंबईतल्या एका ईबस तपासणीचं प्रकरण

या प्रकरणातल्या रुग्ण, त्यांचे घरचे आणि दोन्ही डॉक्टर यांच्या संमतीने हे लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्या रुग्णालयाची नाही. ईबस ही श्वासनलिकेतून दुर्बिणीने करायची तपासणी. ती पहिल्यांदा फसल्यानंतर बाहेरून मार्गदर्शक म्हणून मला बोलावलं गेलं. त्यामुळे पहिल्या दिवसाचं मी जे लिहिते आहे ते नोंदी, व्हिडिओ आणि स्लाइड पाहून. दुसऱ्या दिवशी मात्र मी तिथे उभी होते.

पार्श्वभूमी

ऐरोलीत घरगुती पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या, पन्नाशीच्या आतल्या एक ताई. तीनेक महिने सुका खोकला, संध्याकाळी अंगात कणकण, पाच-सहा किलो वजन उतरलेलं. विडी-सिगारेट कधी नाही, घरातही कुणी ओढत नाही. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात सावली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशी सावली दिसली की फॅमिली डॉक्टरपासून केमिस्टपर्यंत सगळ्यांच्या तोंडी पहिला शब्द टीबी, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो. म्हणूनच तो धोक्याचा.

सुक्या खोकल्यातून जेमतेम निघालेल्या कफात सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू शोधणारी जनुकीय चाचणी, निगेटिव्ह आली. सीटी स्कॅनमध्ये वरच्या भागात काटेरी कडांची, अडीच सेंटिमीटरच्या आसपासची गाठ दिसली. सोबत छातीच्या मधल्या भागात लसिका ग्रंथी सुजलेल्या होत्या: श्वासनलिकेच्या उजवीकडे एक, आणि श्वासनलिका दुभंगते तिथे खाली आणखी एक मोठी, मधोमध काळपट. ही मधली काळपट जागा म्हणजे मेलेला भाग. टीबीत तो होतो, कॅन्सरमध्येही होतो.

आता तुकडा काढल्याशिवाय पुढे जाणं शक्य नव्हतं. ईबसचा सल्ला दिला गेला. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही दुर्बीण तोंडावाटे श्वासनलिकेत जाते आणि तिच्या टोकाशी छोटी सोनोग्राफी असते. नळीच्या भिंतीपलीकडची गाठ पडद्यावर दिसते, आणि ती दिसत असतानाच दुर्बिणीतून सुई भिंत भेदून गाठीत जाते. कापाकापी नाही, भूल हलकी, पेशंट बहुधा त्याच दिवशी घरी. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जपानमधून हे तंत्र जगभर गेलं.

पण ‘दिसतंय म्हणजे सोपं’ हा समजही त्याच्याबरोबरच पसरला. त्याआधी हीच सुई न पाहता मारली जायची. सीटीवरून अंदाज बांधायचा, नळीतल्या खुणा बघायच्या आणि भिंतीतून सुई घालायची. अर्जेंटिनात शिएपाती यांनी १९४९ मध्ये कडक दुर्बिणीतून हे केलं होतं. लवचिक दुर्बिणीतून ते रूढ केलं ते अमेरिकेत को-पेन वांग यांनी. तंत्र स्वस्त होतं, तरी फार थोडे डॉक्टर ते नेमाने वापरायचे, कारण न शिकलेल्या हातात निकालच यायचा नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या एका विभागाने आपल्याच निकालांचा हिशेब ठेवला, तेव्हा काही वर्षांत निदान होण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास गेलेलं दिसलं. सुई तीच होती.

रुग्णालय नवी मुंबईतलं, मध्यम आकाराचं, खासगी. ईबसचं यंत्र घेऊन फार दिवस झाले नव्हते. छातीरोगाचे दोन डॉक्टर होते. डॉ. क ज्येष्ठ, साध्या ब्रॉन्कोस्कोपीत हात बसलेले, आणि ईबसची दोन दिवसांची कार्यशाळा केलेली. डॉ. ख तरुण, शिकत असताना मोठ्या केंद्रात ईबस पाहिलेल्या आणि काही स्वतः केलेल्या. विभागात सगळे डॉ. ख यांना मॅडम आणि डॉ. क यांना सर म्हणायचे, आणि ईबसचा पेशंट आला की तो सरांचाच, हे न बोलता ठरलेलं होतं.

पहिली तपासणी

ती डॉ. क यांनी केली. दिवसाच्या यादीत शेवटची. व्हिडिओ पाहताना पहिल्यांदा जाणवतो तो खोकला. भूल हलकी होती, नळी बधिर करणारं लिग्नोकेन पुरेसं मुरायच्या आत दुर्बीण पुढे गेली, आणि ताई जवळजवळ सगळा वेळ खोकत राहिल्या. ईबसमध्ये टोक भिंतीला चिकटून राहिलं तरच चित्र टिकतं. दर खोकल्याला ते सुटत होतं.

दुसरी गोष्ट नजरेच्या कोनाची. साध्या दुर्बिणीतून समोरचं दिसतं. ईबसची दुर्बीण जाड असते आणि तिची नजर सरळ नसून तिरकी, साधारण तीस अंश वर वळलेली असते. वर्षानुवर्षं साधी दुर्बीण चालवलेला हात इथे सवयीने चुकतो. समोर नळी दिसावी म्हणून तो टोक वाकवतो आणि प्रत्यक्षात भिंतीवर घासत जातो. नवख्याला हा त्रास कमी होतो, कारण मोडायला जुनी सवय नसते.

छातीतल्या ग्रंथींना जागेनुसार नंबर असतात. श्वासनलिका दुभंगते तिथली मोठी गाठ, म्हणजे ७ नंबरची ग्रंथी, सरांनी बरोबर शोधली. सुई गाठीत गेलेली व्हिडिओत स्पष्ट दिसते. पण ती गेली थेट मधल्या काळ्या भागात, आणि दोन्ही वेळा त्याच मार्गाने. मग श्वासनलिकेच्या उजवीकडच्या ४आर नंबरच्या ग्रंथीकडे मोर्चा वळला. खोकल्यात ती दोनदा निसटली. रक्तवाहिन्या दाखवणारं डॉप्लर लावलं नाही. एक प्रयत्न झाला, सुईत रक्तच आलं आणि तपासणी थांबवली.

बाहेर काय झालं ते व्हिडिओत नाही, नोंदीत आहे, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं. सुईतलं सगळं एकाच डबीत, फॉर्मॅलिनमध्ये टाकलं गेलं. फॉर्मॅलिन पेशी टिकवतं, पण जंतू मारतं. म्हणजे त्या नमुन्यावर टीबीचं कल्चर करण्याचा, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याचा, रस्ता त्याच क्षणी बंद झाला, आणि सीबीनॅटसाठी वेगळं काही उरलं नाही. ज्या पेशंटमध्ये प्रश्नच टीबी की कॅन्सर असा होता, त्या पेशंटच्या बाबतीत हे घडलं. दोन स्लाइड बनवल्या होत्या. त्यावर रक्ताचा जाड थर होता आणि अल्कोहोलमध्ये बुडवायच्या आत तो वाळला होता.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट असा: रक्त, ब्रॉन्कसच्या (श्वासनळीच्या) आवरणातल्या पेशी, मृत पेशींचा गाळ. कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. लिम्फोसाइट दिसत नाहीत. नमुना निदानास अपुरा.

पहिला कठीण वळणबिंदू: रिपोर्ट वाचायचा कसा

लसिका ग्रंथीत सुई गेली याची साक्ष म्हणजे लिम्फोसाइट पेशी. शहरात राहणाऱ्या माणसाच्या छातीतल्या ग्रंथीत काजळीचे काळे कणही सापडतात, तीही एक खूण. दोन्ही नसतील तर गाठीबद्दल काहीच कळलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. कॅन्सर नाही असा तो निष्कर्ष होत नाही.

पण डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत लिहिलं गेलं, ‘ईबस: निगेटिव्ह’. कार्ड भरणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरने रिपोर्टमध्ये ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’ हे वाक्य पाहिलं, आणि ते खरंही होतं. घरच्यांनी त्या कार्डातून ‘कॅन्सर नाही’ एवढंच घेतलं. ताईंच्या मुलाने मला नंतर सांगितलं, “मॅडम, आम्ही त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवलो.”

त्यात भर पडली ‘मृत पेशींचा गाळ’ या शब्दांची. टीबीचा संशय आधीच डोक्यात असेल तर हा गाळ म्हणजे पुरावाच वाटतो. स्लाइड रंगवून जंतू शोधण्याची तपासणी निगेटिव्ह होती, पण टीबीच्या गाठींत ती अनेकदा निगेटिव्हच येते, त्यामुळे तिने कुणाचं मत बदललं नाही. ‘एकेटी (टीबीची औषधं) चालू करून बघू, दीड-दोन महिन्यांनी सीटी करू’ हा प्रस्ताव इथून आला.

तो थांबला डॉ. ख यांच्यामुळे. त्यांनी पॅथॉलॉजिस्टना फोन करून एकच प्रश्न विचारला: “तुम्हाला गाठ मिळाली होती का?” उत्तर “नाही” असं आलं. हा फोन कोणत्याही नियमात बसलेला नव्हता, आणि सरांच्या पेशंटबद्दल परस्पर फोन करणं विभागाच्या रीतीतही बसत नव्हतं. सरांना ते सांगायला त्यांनी दोन दिवस घेतले. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग हाच होता, आणि त्याचं प्रशिक्षण कुठल्याही कार्यशाळेत मिळत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय एकेटीचा. आपल्याकडे टीबी इतका आहे की अनेकदा असे उपचार सुरू करणं समर्थनीय ठरतं, हे मी नाकारत नाही. पण या पेशंटमध्ये फुफ्फुसातल्या गाठीच्या कडा काटेरी होत्या, ही कॅन्सरकडे बोट दाखवणारी खूण, आणि धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत फुफ्फुसाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा कॅन्सरचा प्रकार काही दुर्मिळ राहिलेला नाही. चुकलं असतं तर दोन महिने गेले असते, यकृतावर ताण आला असता, आणि शिवाय औषध प्रतिरोधक टीबीचा प्रश्न अनुत्तरितच राहिला असता. मुंबईच्या आसपास तो विसरून चालत नाही. नमुना नसताना कोणतं औषध लागू पडेल हेही कळत नाही.

दुसरा पर्याय सीटीच्या मार्गदर्शनाखाली बाहेरून सुई घालण्याचा. तंत्र चांगलं आहे आणि अनेक ठिकाणी हाच पहिला रस्ता असतो. इथे फुफ्फुसातली गाठ खोल, मोठ्या रक्तवाहिनीजवळ होती. अशा बायोप्सीत साधारण पाचांतल्या एकाच्या फुफ्फुसाभोवती हवा साठते. बहुतेकांना काही करावं लागत नाही, काहींना छातीत नळी घालावी लागते. शिवाय कॅन्सर निघालाच तर तो ग्रंथींत पसरलाय का, हे या सुईने कळलं नसतं.

तिसरा, मेडियास्टिनोस्कोपी: पूर्ण भूल, गळ्याखाली छेद, आणि त्यातून दुर्बीण घालून छातीतल्या ग्रंथींचा तुकडा काढणं. ती नेमाने करणारे सर्जन आता कमी राहिलेत.

चौथा, पेट स्कॅन (शरीरातल्या जास्त सक्रिय जागा उजळून दाखवणारा स्कॅन) आधी करून घेणं. घरच्यांचा कल याकडे होता, कारण त्यात सुई नाही. पण पेटमध्ये कॅन्सर जसा उजळतो तसा टीबीही उजळतो. आपल्याकडे निदानासाठी पेटवर विसंबणारा माणूस बहुतेक वेळा आणखी एका शंकेसह घरी जातो. पुढची सुई कुठे मारायची हे ठरवायला तो उपयोगी पडतो, आणि त्या अर्थाने तो आधी करण्यात तथ्य होतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

पाचवा, परळला किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात पाठवणं. मला बोलावलं तेव्हा पहिल्यांदा हाच पर्याय मी स्वतः सुचवला होता. घरच्यांची अडचण अंतराची नव्हती, पुन्हा नव्याने केस पेपर, नव्याने तारखा याची होती. ताईंचं म्हणणं वेगळंच होतं: “याच सिस्टर असतील तर मी पुन्हा करून घेते.”

सहावा पर्याय म्हणजे तिथेच पुन्हा ईबस, पण वेगळ्या तयारीने. डॉ. क यांनी मोकळेपणाने होकार दिला. “इतकी वर्षं दुर्बीण घालतोय, गाठ चुकणार नाही,” असं ते आधी म्हणाले होते. व्हिडिओ पाहिल्यावर गाठ चुकली नव्हती हे त्यांनी दाखवून दिलं, आणि मग स्वतःच विचारलं, “मग आलं का नाही?” बैठकीतलं पुढचं सगळं संभाषण या प्रश्नाभोवती झालं. ते आरोपांकडे वळलं नाही याचं श्रेय त्यांना.

दुसऱ्या तपासणीची तयारी

ठरलं असं: तपासणी डॉ. ख करतील, मी शेजारी उभी राहीन, गरज पडली तर दुर्बीण हातात घेईन. पॅथॉलॉजीच्या टेक्निशियनला खोलीतच बसवायचं, आणि पॅथॉलॉजिस्ट वरच्या मजल्यावरून येतील. एका आठवड्याच्या आत.

त्याआधी एक संपूर्ण दुपार आम्ही पेशंटशिवाय तालीम केली. प्लॅस्टिकच्या डब्यात चायना ग्रास घट्ट जमवून त्यात द्राक्षं ठेवली होती. सोनोग्राफीत ती गाठींसारखीच काळपट गोल दिसतात. महागडा सिम्युलेटर असेल तर उत्तमच, पण सुई पडद्यावर ओळखणं, तिचं टोक कुठे आहे हे सतत माहीत असणं, आणि एकाच द्राक्षात कोन बदलून चार ठिकाणी पोहोचणं, एवढं शिकायला डबा पुरतो. नळीच्या कूर्चांमधून सुई घालण्याचा अंदाज मात्र त्यात येत नाही.

तालमीचा जास्त वेळ गेला तो सिस्टर आणि टेक्निशियनवर. सुईच्या आत एक बारीक तार असते. सुई भिंतीतून गाठीत गेली की ती तार एकदा पुढे ढकलायची, म्हणजे भिंतीचा अडकलेला तुकडा बाहेर पडतो. मगच तार काढून सक्शन लावायचं. ही पायरी घाईत राहिली की रिपोर्टमध्ये ब्रॉन्कसच्या पेशी येतात. पहिल्या रिपोर्टमधल्या त्या पेशी बहुधा अशाच आल्या होत्या. तार हलवणारा हात सहायकाचा असतो, डॉक्टरचा नाही. पण कार्यशाळेला गेले होते ते फक्त डॉक्टर.

मग भिंतीवर एक कागद चिकटवला. पहिला थेंब स्लाइडवर, पातळ पसरून, एक लगेच अल्कोहोलमध्ये, एक हवेत वाळवून तिथेच रंगवायची. पुढचं फॉर्मॅलिनमध्ये, सेल ब्लॉकसाठी, म्हणजे पेशी एकत्र करून बनवायच्या ठोकळ्यासाठी. एक पूर्ण सुई नुसत्या सलाइनमध्ये, सीबीनॅट आणि कल्चरसाठी. सलाइनच्या बाटलीवर टेक्निशियनने लाल पेनाने लिहिलं, ‘फॉर्मॅलिन नको’.

प्रत्यक्ष काय झालं

यादीत पहिला नंबर ताईंचा. भूलतज्ज्ञ सोबत होते, औषध सावकाश दिलं, लिग्नोकेन मुरायला वेळ दिला. खोकला जवळजवळ नव्हता. इथेच निम्मं काम झालं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

डॉ. ख यांनी लगेच सुई मागितली नाही. आधी सगळ्या जागा फिरून पाहिल्या: उजवीकडे, डावीकडे, मध्ये, खाली. प्रत्येक गाठ मोजली, डॉप्लर लावून शेजारच्या वाहिन्या ओळखल्या. अ‍ॅझायगस शीर सापडली की ४आर कुठे संपते आणि १०आर कुठे सुरू होते ते कळतं. हा फरक कागदी वाटतो, पण त्यावर कॅन्सरची पायरी ठरते.

सुयांचा क्रमही त्यानुसार. गाठ उजव्या फुफ्फुसात, म्हणून आधी डावीकडची ग्रंथी, मग मधली आणि उजवीकडची, सर्वांत शेवटी मूळ गाठीजवळची. उलट क्रमाने गेलं तर कॅन्सरच्या पेशी सुईवरून स्वच्छ ग्रंथीत जाऊ शकतात, आणि आजार आहे त्यापेक्षा पुढचा दिसतो. पहिल्या दिवशी मोठी गाठ दिसली म्हणून तिथूनच सुरुवात झाली होती. टीबीच धरून चालणाऱ्याला क्रमाचं काही वाटत नाही, आणि तेही स्वाभाविक आहे.

डावीकडच्या ४एल गाठीत लिम्फोसाइट आणि काजळी सापडली, वावगं काही नाही. मग ७ नंबर. या वेळी सुई मधल्या काळ्या भागात न नेता कडेच्या जिवंत पट्ट्यात ठेवली. पहिल्या सुईत पुन्हा गाळच. डॉ. ख यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलले नाही. त्यांनी सुईचा कोन बदलला, कडेने पुढे गेल्या, सक्शन काढून टाकलं कारण रक्त येत होतं, आणि पुन्हा दहा-पंधरा वेळा मागेपुढे केलं. टेक्निशियनने स्लाइड रंगवली. पॅथॉलॉजिस्टनी सूक्ष्मदर्शकातून मान वर न काढता म्हटलं, “आहे. आणखी द्या.”

त्या ‘आणखी द्या’मध्ये बरंच काही आहे. निदान झालं म्हणून नवशिका तिथे थांबतो. पण आज अ‍ॅडिनोकार्सिनोमा एवढं नाव पुरत नाही. कोणतं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या ईजीएफआर, एएलके, आरओएस१, पीडी-एल१ या तपासण्यांना सेल ब्लॉकमध्ये भरपूर पेशी लागतात. त्यामुळे निदान हाती आल्यावरही सुया चालू ठेवल्या. ४आरमध्येही तेच मिळालं. एक सुई ठरल्याप्रमाणे सलाइनमध्ये गेली.

जागेवर स्लाइड पाहण्याच्या पद्धतीला रोझ म्हणतात. तिच्यामुळे निदानाचं प्रमाण फार वाढतंच असं नाही. अनुभवी हातांत तर फरक थोडाच पडतो. पण सुया कमी लागतात, आणि दुसऱ्यांदा बोलावण्याची वेळ कमी येते. शिकणाऱ्यासाठी मात्र तिची किंमत वेगळी आहे: सुई कुठे होती आणि स्लाइडवर काय आलं, यांची सांगड त्याच मिनिटाला बसते. रिपोर्ट चार दिवसांनी आला की हाताला काय केलं होतं ते आठवत नाही. रोझ नसेल तर प्रत्येक गाठीतून किमान तीन सुया घ्याव्यात, अशी अमेरिकन चेस्ट फिजिशियन संघटनेची २०१६ची शिफारस आहे.

निकाल

फुफ्फुसाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा. सलाइनमधल्या नमुन्याचं सीबीनॅट निगेटिव्ह, आणि कल्चरमध्येही काही वाढलं नाही. त्यानंतर केलेल्या पेट स्कॅनमध्ये मणक्यात आणि कमरेच्या हाडात ठिपके निघाले, म्हणजे आजार चौथ्या पायरीवर होता. सेल ब्लॉकवर ईजीएफआर जनुकाच्या ‘एक्सॉन १९’ या भागातला दोष सापडला. भारतीय रुग्णांत हे दोष पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा जास्त आढळतात, आणि त्यावर तोंडाने घ्यायच्या गोळ्या आहेत. ताईंना केमोऐवजी गोळी सुरू झाली. काही आठवड्यांत खोकला उतरला, तीन महिन्यांच्या सीटीत गाठी लहान झाल्या होत्या. केंद्र त्यांनी पुन्हा सुरू केलंय, सकाळच्या डब्यांपुरतं.

एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. एकेटीमधलं रिफॅम्पिसिन या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण बरंच खाली आणतं. समजा एकेटी सुरू झालं असतं आणि निदान नंतर झालं असतं, तर गोळीचा परिणाम का दिसत नाही, या कोड्यात आणखी काही आठवडे गेले असते.

वेगळं काय करता आलं असतं

पेट आधी करायला हवा होता का? यावर आमच्यात अजून एकमत नाही. आधी केला असता तर हाडातला ठिपका दिसला असता, आणि कदाचित तिथूनच नमुना घेता आला असता. माझं मत उलट आहे. हाडाचा नमुना जनुकीय तपासण्यांसाठी त्रासदायक असतो, कारण तो मऊ करण्याच्या प्रक्रियेत आम्लामुळे डीएनए खराब होऊ शकतो. ग्रंथी हाताशी असताना ग्रंथीच बरी. डॉ. क यांचा मुद्दा असा की पेटने किमान कॅन्सरचा संशय तरी पक्का झाला असता आणि एकेटीची चर्चा झालीच नसती. तोही खोटा नाही.

पहिली तपासणी यादीत शेवटी ठेवणं टाळता आलं असतं. खोकला थांबत नव्हता तेव्हा अर्ध्यावर थांबून दुसरा दिवस देणं, हाही एक निर्णय होता, आणि तो कमीपणाचा मानला गेला नसता तर घेतलाही गेला असता.

रिपोर्टच्या भाषेत बदल लगेच झाला. आता पॅथॉलॉजी पहिल्याच ओळीत लिहिते की ग्रंथी मिळाली आहे की नाही. मिळाली नसेल तर ‘निगेटिव्ह’ हा शब्द रिपोर्टमध्ये कुठेच येत नाही, आणि डिस्चार्ज कार्डावर तपासणी पुन्हा करायची आहे असं लिहिलं जातं.

प्रशिक्षणाबद्दल जास्त खोल जावं लागलं. किती केसेस केल्या की माणूस तयार झाला? २००२च्या युरोपीय-अमेरिकी निवेदनात देखरेखीखाली ४० म्हटलंय, २००३च्या अमेरिकन मार्गदर्शिकेत ५०, आणि पुढे दरवर्षी २०-२५ करत राहायचं. नंतर प्रत्येक डॉक्टरचे निकाल क्रमाने मांडून पाहिले गेले, तेव्हा दिसलं की कुणी लवकर स्थिरावतं आणि कुणी पन्नास उलटूनही स्थिरावत नाही. आकडा म्हणजे उंबरठा, पात्रतेचा दाखला नव्हे. म्हणून आता निरीक्षकाने गुण द्यायच्या ईबस-स्टॅटसारख्या तपासणी पत्रकांवर भर आहे: खुणा ओळखता आल्या का, गाठीचा नंबर बरोबर सांगितला का, सुई दिसत असतानाच पुढे नेली का.

या रुग्णालयात एक वही सुरू झाली. प्रत्येक सुईची नोंद त्यात होते: गाठीचा नंबर, आकार, किती सुया, ग्रंथी मिळाली का, आणि सहा महिन्यांनी अंतिम निदान काय ठरलं. शेवटचा रकाना भरणं सर्वांत कटकटीचं, कारण पेशंट दुसरीकडे जातात आणि फोन करावे लागतात. पण तोच रकाना नसेल तर अनुभव साठतच नाही, नुसत्या तपासण्या साठतात. पंचवीस वर्षांच्या कामातही एखाद्याला हे कळलेलं नसतं की आपल्या ‘निगेटिव्ह’मधले किती खरे होते. महिन्यातून एकदा दोन्ही डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, सिस्टर आणि टेक्निशियन ती वही घेऊन तासभर बसतात. आता आकडे किती सुधारले, असं व्यवस्थापनाने विचारलं होतं. मी टक्केवारी काढू दिली नाही. इतक्या थोड्या केसेसवर ती काढली की एका चांगल्या महिन्यात माणूस फुशारतो आणि एका वाईट महिन्यात खचतो. त्यापेक्षा क्युसम नावाचा सरकता आलेख ठेवा म्हटलं. दर अपयशाला रेघ वर जाते, दर यशाला थोडी खाली येते. रेघ सलग चढायला लागली की थांबून पाहायचं.

सर्वांत नाजूक सूचना होती ती ईबस एकाच डॉक्टरने करण्याची. केसेस आधीच कमी, त्या दोघांत वाटल्या तर दोघेही कायम शिकाऊच राहतात. ठाणे-नवी मुंबईत आता अनेक रुग्णालयांकडे हे यंत्र आहे, आणि प्रत्येकाकडे थोडे थोडे पेशंट. माझ्या मते दोन-तीन रुग्णालयांनी मिळून एक चमू ठेवणं शहाणपणाचं. व्यावसायिक कारणांनी ते होत नाही, हेही मला ठाऊक आहे. इथे निदान रुग्णालयाच्या आत तरी मार्ग निघाला: दुर्बीण डॉ. ख धरतात, आणि डॉ. क भूल, पेशंटची निवड आणि नंतरचा पाठपुरावा बघतात. त्यांच्या नजरेतून सुटणारा सीटी विरळा. त्यांना हे मनापासून पटलंय का, ते मी विचारलेलं नाही.

पैशांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. विमा कंपनीच्या मध्यस्थाने दुसऱ्या तपासणीवर शेरा मारला की हीच प्रक्रिया महिनाभरात पुन्हा का. रुग्णालयाने दुर्बिणीचं शुल्क माफ केलं. सुई, भूल आणि पॅथॉलॉजीचा खर्च ताईंच्या घरच्यांनी भरला, आणि त्यातला काही भाग बऱ्याच पत्रव्यवहारानंतर परत मिळाला. संमतीपत्रात आता एक ओळ वाढवली आहे की नमुना अपुरा आल्यास तपासणी पुन्हा करावी लागू शकते. त्या वेळी खर्च कुणाचा, हे तिथे लिहायचं की नाही यावर व्यवस्थापन अजून विचार करतंय. या गोळ्यांना पुढेमागे आजार जुमानेनासा होतो, आणि तेव्हा नवा नमुना घ्यावा लागतो. त्यामुळे ताईंसाठीसुद्धा त्या प्रश्नाचं उत्तर लागणार आहे.